आउटलुक एक्स्प्रेसमधलं जुनं टपाल विंडोज ११ वर कसं आणावं?

मोंढ्यातली लेक, उदगीर

नमस्कार मंडळी.

आमचं उदगीरच्या मोंढ्यात आडतीचं दुकान आहे. अण्णा म्हणजे माझे वडील २००३ सालापासून दुकानातल्या कॉम्प्युटरवर आउटलुक एक्स्प्रेस हा मेलचा प्रोग्राम वापरतात. विंडोज एक्सपी आहे, ते कधी बदललंच नाही. सौदा फोनवरच ठरतो, पण संध्याकाळी गल्ला मोजायच्या आधी अण्णांची मेल गेलेली असते. तूर किती कट्टे, भाव काय, ओल किती टक्के धरली, ट्रकचा नंबर, बिल्टीचा नंबर, सगळं दोन-तीन ओळींत. खरेदीदार मागाहून म्हणाला की माल हलका निघाला, तर अण्णा ती मेल काढून समोर ठेवतात आणि वांधा तिथंच मिटतो. आमच्या खातेवह्यांइतकीच त्या मेलची किंमत आहे.

आता ते मशीन कुरकुर करायलंय. कधी निळा पडदा येतो, कधी नुसता पंखाच फिरतो. म्हणून विंडोज ११ चं नवीन मशीन घेतलं. चुलतभावानं जुन्या मशीनच्या प्रोग्राम फाइल्समधला आउटलुक एक्स्प्रेसचा फोल्डर पेनड्राइव्हवर आणून नव्यावर टाकला, पण डबल क्लिक केलं की कुठलीतरी डीएलएल नाही म्हणतं आणि बंद होतं. ज्यांच्याकडून मशीन घेतलं ते म्हणाले, ते सॉफ्टवेअर कधीच संपलं, जुन्या मेल विसरून जा. विसरून कसं चालेल? आमच्या दुकानाच्या डोमेनचं मेल खातं आहे, त्याच्या वेबसाइटवर लॉगिन करून बघितलं तर तिथं जुनं काहीच नाही. जुन्या मशीनवरही मागच्या काही वर्षांपासून मेल येणं-जाणं बंद आहे, सर्व्हरशी जोडणी होत नाही असं येतं. नव्या मेल अण्णा मला मोबाइलवरून करायला लावतात. जुन्या मात्र त्याच मशीनवर बसून वाचतात.

आणखी एक आहे, आणि मला स्वतःला हेच जास्त लागून राहिलंय. आजोबांचे धाकटे भाऊ हैदराबादला होते, आम्ही त्यांना तात्या म्हणायचो. त्यांचं शिक्षण निजामाच्या काळात उर्दूतून झालेलं. आमच्या शेताचे जुने कागद उर्दूत आहेत, त्यावर जिल्हा बीदर लिहिलेला आहे कारण उदगीर तेव्हा बीदर जिल्ह्यात होतं. ते कागद तात्यांनी ओळ न् ओळ वाचून त्याचं मराठी करून अण्णांना मेलवर पाठवलं होतं. कोणता नंबर कोणाच्या वाटणीला आला, विहिरीत कोणाचा किती हिस्सा, बांधावरचं चिंचेचं झाड कोणाचं, सगळं. तात्या आता नाहीत आणि आमच्या घरात उर्दू वाचणारं कोणी उरलं नाही. त्या मेलपैकी काही जुन्या मशीनवर नीट दिसतात, काहींमध्ये नुसती चित्रविचित्र अक्षरं दिसतात. पूर्वी दिसायच्या असं अण्णा म्हणतात.

तर मेल नव्या मशीनवर आणायच्या आहेत, अण्णांना ओळखीचा वाटेल असा पडदा पाहिजे, आणि तात्यांच्या मेल वाचता यायला पाहिजेत. कोणी असं काम केलं असेल तर सांगा. मी कॉमर्सची आहे, टॅली रोज वापरते, पण कॉम्प्युटरच्या आतलं फारसं कळत नाही.


दुरुस्तीवाला, नांदेड

ताई, सगळ्यात आधी एक ऐका. ते जुनं मशीन चालू करणं आजपासून बंद. अण्णांनाही सांगा. पंखा फिरतो आणि पुढं काही होत नाही हे पॉवर सप्लायचं लक्षण असू शकतं, पण निळा पडदा अधूनमधून येतो म्हणजे हार्डडिस्कसुद्धा जात असेल. दर वेळी चालू करताना तिच्यावर लिहिलं जातं. त्यात अजून एक धोका आहे: आउटलुक एक्स्प्रेस बऱ्याचदा बंद केलं की ते विचारतं, जागा मोकळी करण्यासाठी मेसेज कॉम्पॅक्ट करू का? अण्णांनी सवयीनं ओके दाबलं आणि तेवढ्यात मशीन बंद पडलं, तर अख्खा इनबॉक्स रिकामा झालेला मी गिऱ्हाइकांकडे बघितलाय. मराठवाड्यात वीज कधी जाईल याचा भरवसा नसतो, तुम्हाला सांगायला नको.

आता चुलतभावानं आणलं ते का चाललं नाही ते सांगतो. आउटलुक एक्स्प्रेस हा सुटा प्रोग्राम कधीच नव्हता. तो इंटरनेट एक्स्प्लोररच्या सोबत यायचा आणि विंडोजच्या पोटातल्या फाइलींवर चालायचा. २००७ साली व्हिस्टा आलं तेव्हा मायक्रोसॉफ्टनं त्याच्या जागी विंडोज मेल दिलं, तेव्हापासून कुठल्याच विंडोजमध्ये आउटलुक एक्स्प्रेस नाही. त्यामुळं तो फोल्डर किती वेळा नव्या मशीनवर टाकला तरी उपयोग नाही. शिवाय त्या फोल्डरमध्ये मेल नव्हत्याच! तुमचं टपाल वेगळ्या ठिकाणी आहे आणि ते अजून तिथंच असणार, म्हणून घाबरू नका.

ते असं शोधायचं. सी ड्राइव्ह, मग डॉक्युमेंट्स अँड सेटिंग्ज, त्यात अण्णांच्या युजरचं नाव, त्यात लोकल सेटिंग्ज, मग ॲप्लिकेशन डेटा, मग आयडेंटिटीज. लोकल सेटिंग्ज हा लपवलेला फोल्डर असतो, म्हणून व्ह्यूमध्ये जाऊन लपवलेल्या फाइली दाखवा असं करावं लागतं. आयडेंटिटीजच्या आत महिरपी कंसात लांबलचक आकडे-अक्षरांचं नाव असलेला फोल्डर दिसेल, त्याच्या आत मायक्रोसॉफ्ट, आणि त्याच्या आत आउटलुक एक्स्प्रेस. तिथं इनबॉक्स, सेंट आयटम्स, अशा नावाच्या आणि शेवटी डीबीएक्स असलेल्या फाइली असतील. प्रत्येक फाइल म्हणजे एक पूर्ण कप्पा. आकड्यांच्या नावाचे दोन-तीन फोल्डर असले तर सगळेच उचला. मुनिमांची आउटलुक एक्स्प्रेसमध्ये वेगळी ओळख (आयडेंटिटी) केलेली असेल तर त्यांच्या मेल दुसऱ्या फोल्डरात असतात, आणि लोक नेमकं तेच विसरतात.

ॲड्रेस बुक यात नसतं. ते ॲप्लिकेशन डेटामध्ये, पण लोकल सेटिंग्जच्या बाहेरच्या, मायक्रोसॉफ्ट आणि मग ॲड्रेस बुक अशा फोल्डरात शेवटी डब्ल्यूएबी असलेली फाइल असते. तीही घ्या.

हे सगळं जुनं मशीन चालू न करता करायचं. हार्डडिस्क काढून घ्या. २००३ ची आहे म्हणजे बहुतेक रुंद पट्टीच्या केबलची, चाळीस पिनांची आयडीई डिस्क असणार. नव्या मशीनला तशी जागाच नसते. यूएसबीवरून आयडीई आणि साटा (नंतरच्या अरुंद केबलच्या डिस्क) दोन्ही जोडणारा ॲडॉप्टर मिळतो, पण त्याच्यासोबत डिस्कला वेगळी वीज देणारा छोटा सप्लाय आहे ना हे बघून घ्या. मोठी डिस्क नुसत्या यूएसबीच्या विजेवर फिरत नाही. डिस्कच्या मागच्या पिनांवर जम्पर म्हणून छोटी टोपी असते, तिची जागा मास्टरवर ठेवा. विंडोज ११ मध्ये फोल्डर उघडताना परवानगी नाही म्हणेल, कंटिन्यू दाबा, थोडा वेळ घेईल. डिस्कमधून टकटक असा आवाज आला तर तिथंच थांबा आणि लातूर नाहीतर हैदराबादला डेटा काढणाऱ्यांकडे न्या. तशा डिस्कवर प्रयोग करू नयेत.

मेल वेबसाइटवर का नाहीत तेही सांगतो. अण्णांचं खातं पॉप पद्धतीचं होतं. त्यात मेल उतरवून घेतली की सर्व्हरवरची प्रत पुसायची, हीच मूळची सेटिंग. तेव्हा सर्व्हरवर जागाही इतकी थोडी मिळायची की लोकांना तेच सोयीचं होतं. म्हणजे जगात त्या मेलची एकच प्रत आहे, ती त्या डिस्कवर. म्हणून म्हणतो, आधी कॉपी. प्रोग्राम कोणता वापरायचा हे त्यानंतर निवांत ठरवू.


मोंढ्यातली लेक, उदगीर

दादा, फार आभार. डिस्क काढली, आवाज वगैरे काही नाही, व्यवस्थित फिरतेय. ॲडॉप्टर लातूरहून मागवून घेतला. तुम्ही सांगितलेली जागा बरोबर सापडली. आकड्यांच्या नावाचे दोन फोल्डर निघाले, एक अण्णांचा आणि एक आमच्या जुन्या मुनिमकाकांचा. इनबॉक्सची फाइल १.९ जीबी आहे, सेंट आयटम्स त्याहून थोडी लहान. सगळं नव्या मशीनवर आणि एका एक्स्टर्नल डिस्कवर कॉपी केलं. डीबीएक्स फाइल डबल क्लिक केली तर कशात उघडू असं विचारतंय.


परभणीकर

ताई, माझा वेगळा सल्ला आहे. व्हर्च्युअलबॉक्स म्हणजे नव्या मशीनच्या आत दुसरं मशीन चालवणारं सॉफ्टवेअर, ते फुकट मिळतं. त्यात विंडोज एक्सपी टाका, आणि एक्सपीतलं आउटलुक एक्स्प्रेस त्या डीबीएक्स फाइलींना जोडून द्या. अण्णांना अगदी तोच पडदा मिळेल, तीच बटणं, तोच आवाज. आमच्या कॉलेजच्या प्रयोगशाळेत एका जुन्या यंत्राचं सॉफ्टवेअर एक्सपीशिवाय चालत नाही, ते आम्ही असंच चालवतो. अडचण काहीच नाही. फक्त फाइली सीडीवरून आणल्या तर त्यांच्यावर रीड ओन्लीची खूण राहते, ती काढल्याशिवाय आउटलुक एक्स्प्रेस त्या उघडत नाही, तेवढं लक्षात ठेवा.


दुरुस्तीवाला, नांदेड

परभणीकर सरांचं म्हणणं खरं आहे, आणि जुनं टपाल नुसतं वाचायचं असेल तर हा मार्ग चांगला आहे. पण दुकानाच्या रोजच्या कामासाठी मी तो देणार नाही. कारण सांगतो.

अण्णांची मेल येणं-जाणं बंद पडलं ते कशामुळं? टीएलएस म्हणजे सर्व्हरशी सुरक्षित जोडणी करायची पद्धत. सर्व्हर आता टीएलएस १.२ च्या खालची जोडणी घेत नाहीत. टीएलएस १.० आणि १.१ हे २०२१ साली अधिकृतपणे मोडीत काढले गेले, आणि एक्सपीतल्या आउटलुक एक्स्प्रेसला १.० च्या पुढचं येत नाही. पासवर्ड बरोबर असला तरी दोघांची भाषाच जुळत नाही. व्हर्च्युअलबॉक्समध्ये टाकलं म्हणून हे बदलणार नाही, कारण आतलं विंडोज तेच राहतं. वरून एक्सपीची सुरक्षा दुरुस्ती ८ एप्रिल २०१४ ला थांबली. ज्या मशीनवर बँकेचे व्यवहार होतात, तिथं इंटरनेटला जोडलेलं एक्सपी नको. वाचण्यापुरतं ठेवलं तर त्याचं नेटवर्क बंद करून ठेवा. आणि जुन्या डिस्कची जशीच्या तशी प्रतिमा करून व्हर्च्युअलबॉक्समध्ये चढवायला गेलात तर बऱ्याचदा सुरुवातीलाच निळा पडदा येतो, हार्डवेअर बदललेलं त्याला पचत नाही, आणि ॲक्टिव्हेशनही पुन्हा मागतं. नवीन एक्सपी टाकणं त्यापेक्षा सोपं, पण त्याची सीडी आणि परवाना तुमच्याकडे असला पाहिजे.

विंडोज लाइव्ह मेल २०१२ बद्दलही कोणीतरी सांगेलच. ते डीबीएक्स फाइली थेट आत घेतं, दिसायलाही बरंचसं तसंच आहे, विंडोज १० वर मी ते चालताना बघितलंय. पण त्याचा आधार जानेवारी २०१७ मध्ये संपला आणि मायक्रोसॉफ्टनं ते आपल्या साइटवरून काढलं. आता ते मिळतं ते कुठल्या कुठल्या साइटवरून. एका जुन्या प्रोग्रामवरून दुसऱ्या जुन्या प्रोग्रामवर गेलात तर चार-पाच वर्षांनी हाच प्रश्न परत विचाराल.

म्हणून माझा सल्ला थंडरबर्ड, हाही मेलचाच प्रोग्राम. फुकट आहे, २००४ पासून आहे, अजून सुधारत राहतंय. नवीन थंडरबर्ड डीबीएक्स थेट वाचत नाही, मध्ये एक पायरी करावी लागते. अन-डीबीएक्स नावाचं एक छोटं खुलं साधन आहे. त्याला डीबीएक्सचा फोल्डर दाखवला की तो प्रत्येक मेलची वेगळी ईएमएल फाइल करून देतो, जोडलेले कागद-फोटो त्याच फाइलच्या आत राहतात. ईएमएल म्हणजे साधा मजकूर असतो, नोटपॅडमध्येसुद्धा उघडतो. पुढं कुठलाही प्रोग्राम आला-गेला तरी तुमचं टपाल त्याच्यावाचून अडणार नाही. ताई, मला यात हीच गोष्ट सगळ्यात मोलाची वाटते.

करताना काळजी कशाची घ्यायची ते लिहितो. मूळ डीबीएक्सला हात लावायचा नाही, कॉपीवर काम करायचं. ईएमएल जिथं काढायच्या तो फोल्डर थेट ड्राइव्हवर, छोट्या नावाचा ठेवा, कारण मेलच्या विषयावरून फाइलीचं नाव बनतं आणि पूर्ण पत्ता २६० अक्षरांच्या वर गेला की विंडोज अडखळतं. तुमची इनबॉक्स फाइल १.९ जीबीची आहे हे वाचून मी थोडा चमकलो. डीबीएक्सची मर्यादा २ जीबी आहे, तिच्याजवळ गेलेल्या फाइली आतून बिघडलेल्या असू शकतात. म्हणून आधी साध्या पद्धतीनं काढा, मग त्याच साधनाच्या रिकव्हर पद्धतीनं वेगळ्या फोल्डरात पुन्हा काढा आणि दोन्हींची संख्या ताडून बघा. आउटलुक एक्स्प्रेसमध्ये मेल डिलीट केली तरी कॉम्पॅक्ट होईपर्यंत ती फाइलीतच पडून असते. रिकव्हर केल्यावर तशा मेलसुद्धा वर येतात. तात्यांची एखादी मेल कधी चुकून पुसली गेली असेल तर ती मिळण्याची आशा इथंच आहे.

आणि थंडरबर्डमध्ये घालण्याच्या आधी त्या ईएमएल फोल्डरवर अँटीव्हायरस चालवा. हे टाळू नका. २००४ साली मायडूम आणि नेटस्काय हे व्हायरस मेलमधून इतके पसरले होते की तेव्हाच्या बऱ्याच इनबॉक्समध्ये त्यांची पिलावळ सापडते. ईएमएल असताना अँटीव्हायरस तेवढी एक फाइल उचलतो. थंडरबर्ड मात्र एका कप्प्याच्या सगळ्या मेल एकाच मोठ्या फाइलीत ठेवतं, आणि त्यात एक जरी व्हायरस सापडला तर अँटीव्हायरस कधी कधी ती अख्खी फाइल उचलून बाजूला ठेवतो. अख्खा इनबॉक्स गायब.

मग थंडरबर्डमध्ये इम्पोर्ट-एक्सपोर्ट-टूल्स एनजी नावाचं ॲड-ऑन टाका. लोकल फोल्डर्सच्या खाली एक नवीन फोल्डर करा, त्याच्यावर राइट क्लिक करून ईएमएलचा फोल्डर उपफोल्डरांसहित आत घ्या. एकदम सगळं घेऊ नका, कप्प्याकप्प्यानं घ्या. नव्या मेलसाठी दुकानाचं खातं आयमॅप पद्धतीनं जोडा, पोर्ट ९९३, पाठवण्यासाठी ४६५ किंवा ५८७, जे तुमचे डोमेनवाले सांगतील ते. म्हणजे यापुढं मेल सर्व्हरवरही राहील. जीमेल जोडणार असाल तर थंडरबर्ड गुगलचंच लॉगिनचं पान उघडतं, तिथून परवानगी द्यायची. नुसतं नाव आणि पासवर्ड टाकून जुन्या प्रोग्रामला आत घेणं गुगलनं ३० मे २०२२ पासून बंद केलंय, म्हणून तेही जुन्या मशीनवर चाललं नसतं.

पडद्याचं सोपं आहे. मेनू बार दाखवा, लेआउट क्लासिक करा, आणि मेलची यादी कार्डांऐवजी टेबलात घ्या. डावीकडे कप्पे, वर यादी, खाली मजकूर. अण्णांना रुळायला वेळ लागणार नाही. अगदी हुबेहूब तेच पाहिजे असेल तर ओई क्लासिक नावाचा वेगळ्या लोकांनी केलेला प्रोग्राम आहे, पण त्याच्या फुकट आवृत्तीला मर्यादा आहेत.

मराठीचं मी सांगत नाही, त्यातलं माझ्यापेक्षा जास्त कळणारी माणसं आहेत.


डीटीपीवाला, औरंगपुरा, संभाजीनगर

ते मी सांगतो. ताई, चित्रविचित्र अक्षरं तीन प्रकारची असतात आणि तिन्हींवरचा उपाय वेगळा आहे. तात्यांच्या मेल उघडून नीट बघा.

पहिला प्रकार: डोक्यावर डावीकडं झुकलेली रेघ असलेला लहान इंग्रजी ए, त्याच्यामागं चार कोपऱ्यांना छोट्या काड्या असलेलं गोल चिन्ह किंवा जपानी येनची खूण, मग तिसरं काहीतरी, आणि हाच तिघांचा गट पुन्हा पुन्हा. हे दिसलं तर आनंद माना. तो मजकूर युनिकोडमध्येच, म्हणजे कुठल्याही मशीनवर चालणाऱ्या आजच्या प्रमाण पद्धतीतच आहे आणि पूर्ण शाबूत आहे. युटीएफ-८ ही युनिकोड साठवायची एक पद्धत (एन्कोडिंग). तिच्यात देवनागरीचं प्रत्येक अक्षर, प्रत्येक काना-मात्रा तीन-तीन बाइटची असते, आणि त्यातली पहिली बाइट नेहमी एकच. मेलवर "हे युटीएफ-८ आहे" अशी चिठ्ठी लागलेली नसली की प्रोग्राम त्या तीन बाइट तीन युरोपीय अक्षरं म्हणून दाखवतो. सायबर कॅफेतून वेबमेलनं पाठवलेल्या मेलमध्ये हे सर्रास व्हायचं. अण्णांना पूर्वी दिसायचं ते बहुतेक आउटलुक एक्स्प्रेसच्या व्ह्यू मेनूत कोणीतरी एन्कोडिंग बदलून दिलं होतं म्हणून. थंडरबर्डमध्ये व्ह्यू मेनूत रिपेअर टेक्स्ट एन्कोडिंग आहे, एका क्लिकवर मराठी दिसेल. ते बटण फिकं असेल किंवा दाबून फरक पडत नसेल, तर त्या ईएमएलची एक कॉपी नोटपॅडमध्ये उघडा, वरच्या भागात कॅरसेटच्या पुढं जे लिहिलंय ते पुसून युटीएफ-८ करा, जतन करा आणि परत आत घ्या.

दुसरा प्रकार: साधी इंग्रजी अक्षरं, मध्येच सेमिकोलन, कंस, अधिकची खूण. वाचायला गेलं तर काहीच अर्थ लागत नाही. हे जुन्या फॉन्टमधलं मराठी. कृतिदेव या जुन्या फॉन्टमध्ये ‘मराठी’ शब्द लिहिला असेल तर फॉन्ट नसलेल्या मशीनवर लहान ई, लहान जे, लहान के, मोठा बी, लहान एच एवढंच दिसतं. सीडॅक या सरकारी संस्थेचे सुरेख, योगेश हे फॉन्ट, श्रीलिपी, प्रत्येकाची अक्षरांची मांडणी वेगळी. म्हणून आधी फॉन्ट कोणता ते ओळखायचं. थंडरबर्डमध्ये ती मेल निवडून कंट्रोल आणि यू दाबा, मेलचा मूळ मजकूर उघडेल. त्यात फॉन्ट फेस असं लिहिलेलं असतं आणि पुढं फॉन्टचं नाव. नाव कळलं की काम अर्धं झालं. तो फॉन्ट मशीनवर टाकला तर मेल वाचता येते, पण मी म्हणेन की त्यावर थांबू नका, मजकूर युनिकोडमध्ये बदलून घ्या. नाहीतर फॉन्ट हरवला की मजकूर परत मुका.

बदलून देणारे कन्व्हर्टर आहेत, पण त्यांच्यावर डोळे मिटून विसंबू नका. जुन्या फॉन्टात अक्षरं दिसतील त्या क्रमानं टाइप व्हायची. ‘हिस्सा’ लिहिताना पहिली वेलांटी आधी, ह नंतर. युनिकोडमध्ये ह आधी, वेलांटी नंतर. रफाराचं बरोबर उलटं. कन्व्हर्टर हा क्रम फिरवतो आणि तिथंच चुकतो. वेलांटी शेजारच्या अक्षरावर जाऊन बसते, रफार भलत्याच ठिकाणी जातो. तुमच्या मजकुरात माणसांची नावं, शेतांचे नंबर, एकर-गुंठे आहेत. एकेक ओळ मूळ फॉन्टमधल्या छापील प्रतीशी ताडून बघा. आम्ही पुस्तकं करताना दोन माणसं बसवतो, एक मोठ्यानं वाचतो, दुसरा बघतो. तसंच करा.

तिसरा प्रकार: नुसती प्रश्नचिन्हं, एकापुढं एक. तिथं मूळ अक्षरं पाठवतानाच गेलेली असतात, काही करता येत नाही. तशी मेल निघाली तर तिची दुसरी प्रत कुठं आहे का ते शोधा. अण्णांनी तिला उत्तर देताना खाली मूळ मजकूर तसाच राहिलेला असू शकतो, किंवा तात्यांच्या नातवाकडे त्यांचं खातं अजून उघडत असेल.


मोंढ्यातली लेक, उदगीर

दादा, सर, तुम्हा सगळ्यांचे किती आभार मानू कळेना.

मेल आल्या! साध्या पद्धतीनं इनबॉक्समधून जेवढ्या निघाल्या त्यापेक्षा रिकव्हरनं बऱ्याच जास्त निघाल्या. त्यात डुप्लिकेट आहेत, पण पुसलेल्याही आहेत. अँटीव्हायरसनं बऱ्याच फाइली उचलल्या, सगळ्या २००४ च्या, इंग्रजीत काहीबाही विषय असलेल्या. कामाची एकही त्यात नव्हती. मुनिमकाकांच्या फोल्डरात जुन्या बिल्ट्यांचे स्कॅन सापडले, ते आमच्याकडे कागदावरसुद्धा उरलेले नाहीत.

अण्णा पहिल्या दिवशी लांबूनच बघत होते. मग मी त्यांना एका जुन्या खरेदीदाराचं नाव टाकून शोधायला सांगितलं आणि त्याच्या सगळ्या सौद्यांच्या मेल वर्षांप्रमाणे खाली उतरल्या. जुन्या मशीनवर असा शोध लावला की ते अडकून बसायचं. आता सकाळी दुकान उघडलं की त्यांचीच बोटं आधी कीबोर्डवर असतात. अक्षरं मोठी करून दिलीत, आणि नवी मेल यादीत खाली यायला पाहिजे म्हणाले, तसं लावून दिलं.

तात्यांच्या बऱ्याचशा मेल पहिल्या प्रकारातल्या निघाल्या, रिपेअर केल्यावर स्वच्छ मराठी. विहिरीच्या हिश्श्याची मेल पूर्ण वाचता आली, सोबत उर्दू कागदाचा स्कॅनही आहे. तात्यांनी प्रत्येक उर्दू शब्द आधी जसाच्या तसा देवनागरीत लिहिलाय आणि मग कंसात त्याचा अर्थ, कुठं शंका असली तर "इथं शाई पुसली आहे, खात्रीनं सांगता येत नाही" असंही. एक मेल नुसत्या प्रश्नचिन्हांची आहे, ती तुम्ही म्हणालात तशी अण्णांच्या उत्तराखाली मिळाली, शेवटचा भाग सोडून. नातवाशी बोलणं झालंय, तो शोधतोय.

दोन-तीन मेल दुसऱ्या प्रकारच्या आहेत. मूळ मजकुरात फॉन्टचं नाव डीव्हीबी-टीटी-योगेश असं दिसतंय. तो कुठं मिळेल?


डीटीपीवाला, औरंगपुरा, संभाजीनगर

सीडॅकचा आहे. तुमच्या जुन्या डिस्कवर विंडोजच्या फोल्डरात फॉन्ट्स म्हणून फोल्डर आहे, आधी तिथंच बघा. अण्णांना पूर्वी ती मेल दिसत होती म्हणजे तेव्हा तरी तो फॉन्ट त्या मशीनवर असणारच. नसला तर उदगीरमध्ये जुना ऑफसेट छापखाना किंवा पत्रिका छापणारं दुकान असेल, त्यांच्याकडे हमखास असतो. योगेशमधून युनिकोड करताना जोडाक्षरं खास तपासा, ‘क्षेत्र’ आणि ‘हिस्सा’ हे शब्द तुमच्या कागदात सारखे येणार, आधी तेच बघा. अडलं तर त्या मेलची छापील प्रत आणि कन्व्हर्ट केलेली, दोन्ही समोर ठेवून कुठं चुकतंय ते इथं लिहा, मी सांगतो.


दुरुस्तीवाला, नांदेड

ताई, ऐकून फार बरं वाटलं. दोन कामं राहिलीत तेवढी करून टाका. थंडरबर्डच्या हेल्प मेनूत ट्रबलशूटिंग इन्फर्मेशन आहे, त्यात प्रोफाइल फोल्डरची, म्हणजे थंडरबर्ड मेल आणि सेटिंग ठेवतं त्या फोल्डरची, जागा दिसते. थंडरबर्ड पूर्ण बंद करून तो फोल्डर एक्स्टर्नल डिस्कवर घ्यायचा, महिन्याच्या हिशेबाच्या वेळीच करत जा म्हणजे विसरणार नाही. ईएमएलचा सगळा संच दुसऱ्या एका डिस्कवर ठेवा आणि ती डिस्क दुकानात न ठेवता घरी ठेवा. योगेश फॉन्ट काढून झाला की जुनी डिस्क प्लॅस्टिकच्या पिशवीत गुंडाळून कपाटात ठेवून द्या, भंगारात देऊ नका. नातवाकडून तात्यांचं खातं उघडलं तर त्यातलं सगळं आयमॅपनं थंडरबर्डमध्ये उतरवून लगेच लोकल फोल्डर्समध्ये कॉपी करा. बराच काळ कोणी न उघडलेली खाती कंपन्या बंद करतात, म्हणून हे काम पुढच्या हंगामावर ढकलू नका.